टूएनीवनचं परत येणं: याला यश म्हणायचं की नाही?

निंबोणी

आमचा कोथरूडमध्ये के-पॉप (म्हणजे कोरियन पॉप) कव्हर डान्सचा ग्रुप आहे आणि तिथल्या व्हॉट्सॲपवर टूएनीवन या चौघींच्या कोरियन गर्ल ग्रुपवरून जो वाद पेटलाय तो काही केल्या मिटत नाहीये, म्हणून म्हटलं इथे नीट लिहावं, इथे लोक निदान पूर्ण वाचून उत्तर देतात. मुद्दा असा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये चौघी परत एकत्र आल्या, सोलच्या ऑलिंपिक हॉलमध्ये ४ ते ६ तारखेला सलग तीन रात्री केल्या, मग मनिला, सिंगापूर असं आशियात फिरल्या आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये परत सोलला. पण एवढ्या सगळ्यात नवीन गाणं एकही नाही. आमच्यातल्या निम्म्या जणी म्हणतात मग कसलं यश, जुनीच गाणी जुन्याच लोकांना विकली. मला हे अजिबात पटत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. सीएल, बोम, दारा आणि मिन्जी. २००९ मध्ये वायजी कंपनीने आणल्या, 'फायर' आणि 'आय डोन्ट केअर' त्याच वर्षी गाजली, २०११ ला 'आय ॲम द बेस्ट'. तेव्हा गोड गोड, शाळकरी वाटणाऱ्या गर्ल ग्रुप्सची चलती होती आणि या चौघी एकदम बेधडक, विचित्र कपडे, विचित्र केस, कुणाला खूष करायला उभ्या आहेत असं वाटायचंच नाही. २०१४ चा 'क्रश' अल्बम अमेरिकेत बिलबोर्ड २०० या अल्बमच्या यादीत ६१ व्या नंबरवर गेला, तोपर्यंत कुठलाच के-पॉप अल्बम तिथे एवढा वर गेला नव्हता. आणि त्याच वर्षी सगळं थांबलं. बोमच्या एका जुन्या औषधाच्या प्रकरणाची बातमी बाहेर आली, ग्रुप बाजूला पडला. २०१५ च्या डिसेंबरात हाँगकाँगच्या अवॉर्ड शोमध्ये अचानक चौघी दिसल्या, आम्हाला वाटलं आता आल्या परत, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिन्जी बाहेर पडल्याचं जाहीर झालं, नोव्हेंबरमध्ये कंपनीने ग्रुपच संपवला. २०१७ च्या जानेवारीत 'गुडबाय' नावाचं गाणं आलं तेही तिघींचंच. निरोपाचा कार्यक्रम नाही, मिन्जी नाही, काही नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की परत आलेल्या ग्रुपचं यश मोजायचं तर आधी तो तुटला कसा ते बघा. जे तुटलं होतं ते जुळलं का? टूएनीवनचं जे हिरावलं गेलं ते म्हणजे चौघींनी मिळून लोकांसमोर उभं राहणं. ते त्यांना परत मिळालं. माझ्या लेखी हे पूर्ण यश आहे, नवीन गाणं आलं तर आनंदच आहे पण ती अट नाही.

तुम्हाला काय वाटतं सांगा, सविस्तर लिहा.

पिंपरीची_पोर

ताई +१. मी ब्लॅकपिंक या नंतरच्या कोरियन गर्ल ग्रुपमुळे या सगळ्यात आले, टूएनीवन चालू होती तेव्हा मी शाळेत होते आणि मला काहीच माहीत नव्हतं. आता आमच्याकडे रँडम प्ले डान्स असतो ना, म्हणजे गाण्यांचे तुकडे लागतात आणि ज्याला स्टेप्स येतात त्याने मधे धावत जायचं, तिथे 'आय ॲम द बेस्ट' लागलं की अख्खं वर्तुळ मोकळं होतं, सगळेच मधे. यातली बरीचशी पोरं माझ्याएवढी किंवा लहान आहेत. त्यांना कुणी सांगितलं नाही की हे जुनं गाणं आहे. मला तर त्यांची सगळीच गाणी नवी होती, २०२४ मध्ये मी एक एक करून ऐकली, लाईव्ह क्लिप्स बघितल्या, मग मागे जाऊन जुने व्हिडिओ. जुनीच गाणी जुन्याच लोकांना विकली हे खरंच नाहीये, तिथे प्रेक्षकांत बघा किती तरुण चेहरे आहेत.

तिसरी_घंटा

निंबोणी, लिहिलंयस छान पण मी तुमच्या त्या निम्म्या मुलींच्या बाजूने आहे.

प्रेम परत मिळालं हे मान्य, पण प्रेम मिळणं आणि कलाकार म्हणून परत येणं यात फरक आहे. वंडर गर्ल्सचं उदाहरण घ्या. २००९ ला 'नोबडी'मुळे बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या गाण्यांच्या यादीत गेलेला पहिला कोरियन ग्रुप. मग मुली बाहेर पडल्या, ग्रुप थंडावला, आणि २०१५ ला 'रीबूट' घेऊन आल्या तेव्हा हातात गिटार, बेस, कीबोर्ड, ड्रम्स घेऊन आल्या, सोडून गेलेली सुनमी परत आली होती, ऐंशीच्या दशकाचा साउंड होता आणि अल्बमच्या लेखनात त्यांचा स्वतःचा हात होता. जानेवारी २०१७ ला त्या बंद झाल्या, दोन वर्षंसुद्धा टिकल्या नाहीत, पण मी त्याला यशस्वी पुनरागमन म्हणेन कारण त्या आल्या तेव्हा आधीपेक्षा वेगळ्या होत्या. गर्ल्स जनरेशनचं घ्या, २०१७ ला तिघी कंपनी सोडून गेल्या तरी २०२२ च्या ऑगस्टमध्ये आठही जणींनी 'फॉरेव्हर वन' केला, पाच वर्षांनी, पूर्ण अल्बम.

टूएनीवनसारखा ग्रुप, ज्यांची ओळखच मुळी पुढे बघणारा ग्रुप अशी होती, त्यांनी फक्त मागचं करावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी त्यांच्यावर प्रेम करतो म्हणूनच जास्त मागतोय.

साउंडचेक

मी लाईव्ह शोच्या साउंडमध्ये काम करतो (पुण्यात आणि बाहेरही) तर त्या बाजूने लिहितो.

चार्ट वगैरे सोडा, टूर यशस्वी झाली का हे आमच्या धंद्यात हॉलवरून कळतं. खूप वर्षांनी येणाऱ्या ग्रुपला आयोजक मोठी जागा द्यायला घाबरतात कारण इंटरनेटवर ओरडणारे लोक आणि तिकीट काढणारे लोक वेगळे असतात, रिकाम्या खुर्च्या फोटोत दिसल्या की पुढच्या शहराचा भाव पडतो. म्हणून आधी छोटा हॉल घेतात. ऑलिंपिक हॉल त्यातलाच, सोलच्या हिशोबाने मध्यम जागा, काही हजारांची. सुरुवातीला दोनच रात्री होत्या, तिसरी नंतर वाढवली. आणि सहा महिन्यांनी एप्रिल २०२५ ला शेवट कुठे केला तर त्याच पार्कातल्या केएसपीओ डोममध्ये, जो त्याच्या कितीतरी पट मोठा आहे. त्याच शहरात, नवीन गाणं न काढता, छोट्या हॉलमधून मोठ्या हॉलमध्ये जाणं ही सोपी गोष्ट नाही. साधारणपणे उलटं होतं, पहिल्या वेळची उत्सुकता संपली की दुसऱ्या वेळी गर्दी कमी होते.

आपल्याकडे एड शीरन ३० जानेवारी २०२५ ला बिबवेवाडीत यश लॉन्सला वाजवून गेला, त्याच महिन्यात कोल्डप्ले नवी मुंबईला. तेव्हापासून मला पोरं विचारतात की हे के-पॉपवाले कधी. मी सांगतो की आयोजक आधी सिंगापूर, बँकॉकचे आकडे बघतात. टूएनीवनच्या टूरचे आकडे बघून जर कुणाला वाटलं की जुन्या ग्रुपलाही गर्दी होते, तर त्याचा फायदा पुढे बऱ्याच जणांना होईल.

कर्वेरस्ता

माझी पिढी स्पाइस गर्ल्सवाली, म्हणजे ब्रिटनच्या त्या पाच जणींची. कर्वे रोडवरून कॅसेट आणायची आणि टेपवर इतकी वाजवायची की बी साइडला आवाज जड यायचा. म्हणून निंबोणीताईंचं माप मी त्यांना लावून बघितलं आणि ते फारच नेमकं बसतंय.

त्या तुटल्या त्या मे १९९८ ला, जेरी टूरच्या मधूनच निघून गेली म्हणून. चौघींनी पुढे रेटलं, २००० मध्ये 'फॉरेव्हर' अल्बम काढला, मग थांबल्या. २००७ ला पाचही जणी आल्या. लंडनच्या पहिल्या शोची तिकिटं ३८ सेकंदांत संपली आणि तिथल्या ओटू अरीनात १७ रात्री झाल्या. नवीन गाणंही होतं बरं का, 'हेडलाइन्स', ते ब्रिटनमध्ये ११ व्या नंबरवर अडकलं, त्यांचं पहिल्या दहात न गेलेलं ते पहिलंच गाणं. तिसरी_घंटा यांना मी विचारीन की नवीन गाणं असणं हीच कसोटी असेल तर ही टूर पास की नापास? कारण गाणं आज कुणालाही आठवत नाही आणि शो ज्यांनी बघितले ते अजून बोलतात. आणि ती टूर फेब्रुवारी २००८ ला टोरंटोत संपली, बीजिंग, सिडनी, केप टाउन, ब्युनोस आयर्स सगळं रद्द. म्हणजे परत अर्धवट.

मग २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचा समारोप, टॅक्सीच्या टपावर उभ्या राहून पाच जणी, ते काही मिनिटांचं होतं पण मला विचाराल तर त्यांचं खरं पुनरागमन तेच. २०१९ ला व्हिक्टोरियाशिवाय चौघींनी १३ शो केले, सगळी मोठी स्टेडियम्स, डब्लिनला सुरुवात आणि वेंब्लीला तीन रात्री शेवट. एकही नवीन गाणं नाही. शेवटच्या रात्री वेंब्लीच्या स्टेजवरून जेरीने सोडून गेल्याबद्दल सगळ्यांसमोर माफी मागितली. एकवीस वर्षांनी! ते बघताना मी आणि बायको दोघंही गप्प बसलो होतो. जे १९९८ ला तुटलं ते त्या वाक्यात जुळलं असं मी मानतो. पैसे भरपूर मिळाले असतील, मिळू देत, पण त्या टूरचं यश मला तिथे दिसतं.

साउंडचेक

@कर्वेरस्ता, डब्लिनच्या त्या पहिल्या रात्री आवाजाच्या खूप तक्रारी झाल्या होत्या, लोकांना गाणं धड ऐकू येत नव्हतं. स्टेडियमचा साउंड फार अवघड प्रकार आहे, उघड्यावर आवाज फिरतो, मागच्या स्टँडपर्यंत पोचताना उशीर होतो त्यासाठी मधे डिले टॉवर्स लावून वेळ जुळवावी लागते. पुढच्या शोजना त्यांनी सुधारलं. मला हे सांगायचंय की परत येणाऱ्या ग्रुपकडे चूक करायला जागा नसते, नवीन ग्रुपला लोक सांभाळून घेतात, यांचा पहिल्या रात्रीचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी जगभर. त्या दबावाखाली उभं राहणं याचंही मोल धरा.

रानजाई

शुगाबेब्ज विसरलात का सगळे?? माझ्या मते या विषयावर यांच्यापेक्षा चांगलं उदाहरणच नाही.

म्युट्या, कीशा, शिवॉन. १९९८ ला सुरू झालेला ब्रिटिश ग्रुप, पोरी अगदी शाळकरी वयाच्या होत्या, २००० ला 'ओव्हरलोड'. शिवॉन २००१ ला गेली, म्युट्या २००५ ला, कीशा २००९ ला. प्रत्येक वेळी जागी नवीन मुलगी, आणि शेवटी अशी वेळ आली की शुगाबेब्ज नावाच्या ग्रुपमध्ये सुरुवातीची एकही मुलगी उरली नव्हती. तिघी २०१२ ला परत एकत्र आल्या तर स्वतःचं नावच वापरता येईना, एमकेएस म्हणून गायल्या. २०१३ ला 'फ्लॅटलाइन' नावाचं इतकं सुंदर गाणं काढलं आणि ते चाललंच नाही. नवीन गाणं होतं ना! कुणी विचारलं? नाव परत मिळालं २०१९ ला. २०२२ च्या ग्लास्टनबरी या इंग्लंडमधल्या संगीत महोत्सवात ॲव्हलॉनच्या तंबूत त्यांचा कार्यक्रम लागला तर एवढी गर्दी लोटली की आणखी लोकांना आत सोडणं बंद करावं लागलं, आणि २०२३ ला ओटू अरीना. माणसं त्याच, आवाज तेच, पण नाव हातात नव्हतं तोवर लोकांपर्यंत पोचणंच होत नव्हतं.

त्यामुळे यश म्हणजे मालकी परत मिळणं असं मी म्हणेन. आणि याच कारणाने टूएनीवनबद्दल मला निंबोणीएवढी खात्री वाटत नाही. ती टूर केली कुणी? वायजीनेच ना. ज्या कंपनीने २०१६ ला ग्रुप संपवला तिनेच २०२४ ला तिकिटं विकली.

तिसरी_घंटा

रानजाई अगदी बरोबर बोललात, माझ्या मनातलं. मला या टूरमध्ये हेच खटकतं. नाव कंपनीकडे, गाणी कंपनीकडे, कंपनीला गरज होती तेव्हा पंधराव्या वर्षाचं निमित्त करून चौघींना बोलावलं. उद्या गरज संपली की संपलं. यात त्या मुलींच्या हातात काय आलं?

निंबोणी

इथे मला तीव्रपणे बोलायचंय कारण ही मांडणी कोएचेला, म्हणजे अमेरिकेतला तो मोठा संगीत महोत्सव, वगळून केलेली आहे.

१६ एप्रिल २०२२. सीएलला कोएचेलात स्वतःच्या गाण्यांसाठी बोलावलं होतं. तिने बाकी तिघींना नेलं, कुणाला पत्ता लागू न देता. आपल्याकडे रविवार उजाडला होता, मी लाईव्ह लावून बसले होते फक्त सीएलसाठी, आणि एकदम स्टेजवर चौघी. मिन्जीसकट! हाँगकाँगनंतर सहा वर्षांहून जास्त काळ त्या एका स्टेजवर आल्या नव्हत्या. तेव्हा चौघी चार वेगवेगळ्या ठिकाणी होत्या, वायजीत कुणीच नव्हतं. म्हणजे परत येण्याची सुरुवात कंपनीने केलेली नाही, त्यांनी स्वतः केली, स्वतःच्या हिमतीवर, आणि जगाने ते बघितल्यावर दोन वर्षांनी कंपनीशी बोलणी झाली. २०१६ ला त्या कंपनीच्या करारात बांधलेल्या कलाकार होत्या, २०२४ ला त्या स्वतंत्र बायका म्हणून टेबलाच्या पलीकडे बसल्या. हा फरक लहान नाही. कोरियात ७ वर्षांची करारांची जी पद्धत आहे तिच्यात कितीतरी ग्रुप सातव्या वर्षी तुटतात, टूएनीवनही त्याच वळणावर तुटला, २००९ ते २०१६. त्या चक्रातून एकदा बाहेर पडल्यावर चौघींनी आपणहून परत यायचं ठरवणं हीच मालकी आहे, नावाचा कागद कुणाच्याही कपाटात असो.

नवीन गाण्याचं म्हणाल तर त्यांची बहुतेक गाणी टेडी या संगीत निर्मात्याने केलीत, आणि तो आता स्वतःचं द ब्लॅक लेबल चालवतो. म्हणजे गाणं व्हायचं तर आता दोन कंपन्यांचं जमायला हवं. तरी व्हावं असं मलाही फार फार वाटतं.

कर्वेरस्ता

अजून एक. आम्ही दरवर्षी सवाईला जातो. तिथे एखादे बुवा यमन घेऊन बसले की कुणी म्हणत नाही अहो हा मागच्या वर्षीही गायला होता, नवीन आणा. लोक त्यासाठीच आलेले असतात की हाच माणूस आता, या वयात, हाच राग कसा गातो. पंचविशीत बांधलेली गाणी चाळिशीत म्हणताना दाराचं, बोमचं काय होतं हे ऐकणं मला नव्या गाण्याइतकंच मोलाचं वाटतं.

तिसरी_घंटा

कर्वेरस्ता, मुद्दा सुंदर आहे पण सवाईत गायक तोच राग दर वेळी नव्याने मांडतो, आलाप ठरलेला नसतो. पॉपमध्ये स्टेप्स ठरलेल्या, ट्रॅक ठरलेला, कॅमेरा ठरलेला. तिथे नवेपणा यायला जागा गाण्यातच असते. म्हणून मी गाणं मागतोय. मात्र कोएचेलाचं निंबोणीने जे लिहिलंय ते मी पूर्ण मानतो, मालकीबद्दलचा माझा आक्षेप मागे. गाण्याचा कायम.

पिंपरीची_पोर

कारा या कोरियन ग्रुपबद्दल पण लिहा ना कुणीतरी, मला त्यांचं फार लागतं. त्यांच्यातली हारा २०१९ च्या नोव्हेंबरात वारली आणि २०२२ च्या नोव्हेंबरात बाकीच्या 'मूव्ह अगेन' घेऊन आल्या, सोडून गेलेल्या निकोल आणि जियंग पण परत आल्या. तिथे ताईंचं माप कसं लावायचं? जे गेलं ते जुळणारच नव्हतं.

रानजाई

@पिंपरीची_पोर, ब्रिटनच्या गर्ल्स अलाउडचंही तसंच. सेरा २०२१ ला कॅन्सरने गेली, २०२४ ला चौघींनी टूर केली, पूर्ण टूर तिच्या आठवणीत. मी त्या व्हिडिओंवर एक शब्दही वाईट बोलू शकत नाही. अशा वेळी यश हा शब्दच बाजूला ठेवावा असं मला वाटतं.

निंबोणी

@पिंपरीची_पोर, तिथे मी एवढंच बघेन की सोडून गेलेल्यांना दार उघडलं का आणि गेलेलीची जागा कुणा दुसरीने भरली का. कारामध्ये दार उघडलं आणि जागा भरली नाही. मला ते फार मोठं वाटतं.

चहाटळ_नाही

उशिरा आलो. सगळे परदेशातलेच ग्रुप झाले, आपली व्हिवा कुणालाच आठवली नाही? २००२ चा चॅनल व्ही चा पॉपस्टार्स हा टीव्ही शो, देशभर ऑडिशन, त्यातून पाच जणी: सीमा, प्रतीची, नेहा, महुआ, अनुष्का. 'हम नये गीत सुनाएं' आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला दर वर्षी कुणीतरी म्हणायचंच. महुआ लवकर बाहेर पडली, दुसरा अल्बम चौघींचा, २००५ ला सगळं संपलं. त्या परत आल्या आणि फक्त जुनी गाणी म्हणाल्या, तेही पाच जणींनी, तर मी पुण्याहून मुंबईला जाईन, रात्रीची परतीची गाडी चुकली तरी चालेल. यात माझ्यापुरतं उत्तर आलं.

साउंडचेक

व्हिवा परत आली तर मी साउंड फुकट करीन, लिहून घ्या.

तिसरी_घंटा

सगळ्यांना एकच अवघड प्रश्न, विशेषतः निंबोणीला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये बोम तब्येतीमुळे ग्रुपच्या कार्यक्रमांतून थांबली. आता पुढचं तिघींनी केलं तर? तुझ्या मापाने चौघी उभ्या राहणं हेच यश होतं. मग तिघींचं जे काही होईल ते अपयश म्हणणार का? २०१७ च्या 'गुडबाय'वर तर तू रागावली आहेस.

निंबोणी

या प्रश्नावर मी काल रात्रीपासून विचार करतेय. २०१७ ला राग आला कारण मिन्जी नसताना दार लावून घेतलं गेलं, निरोप तिच्याशिवाय झाला आणि तो शेवटचा होता. बोमचं तसं नाहीये, ती आजारी आहे आणि विश्रांती घेतेय. तिची जागा रिकामी ठेवून तिघी गायल्या, तिच्या ओळी कुणा नव्या मुलीला दिल्या नाहीत, तर मी त्याला टूएनीवनच म्हणेन. पण तिच्याशिवाय नवीन गाणं काढलं तर मात्र, हो, मला ते नको आहे. तुला गाणं हवंय, मला चौघी हव्यात, आणि बोम बरी होईपर्यंत दोन्ही एकदम मिळणार नसेल तर मी थांबायला तयार आहे. एवढी वर्षं थांबलोच की.

आणि लोकांना विनंती, बोमच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून सोशल मीडियावर जे लिहिलं जातं ते इथे आणू नका. एका प्रतिसादात तसं काही आलं होतं, मी ॲडमिनना कळवून काढायला लावलंय. बाकी वंडर गर्ल्सवर तिसरी_घंटा यांनी वेगळा धागा काढावा, 'रीबूट'बद्दल मला बरंच विचारायचंय.